लेझर रेंजफाइंडर: शिकाऱ्यांचे रिव्ह्यू आणि आपलं रान

डोंगरवाट्या (सातारा)

मंडळी, सल्ला हवाय. पाटण-शिराळा पट्ट्यात प्राण्यांच्या मोजणीला मदत करणारा आमचा सात-आठ जणांचा गट आहे. त्यासाठी हातात धरायचा एक लेझर रेंजफाइंडर घ्यायचाय. ठरलेल्या रेषेवर चालताना भेकर, सांबर, गवा दिसला की अंतर टिपायचं, हे मुख्य काम. जमलं तर झाडांची उंचीही. बजेट पंधरा हजार.

घोळ असा की ऑनलाइन बघावं तर निम्मा माल 'हंटिंग'चा आणि निम्मा 'गोल्फ'चा. रिव्ह्यू लिहिणारे बहुतेक अमेरिकेतले हरणाचे शिकारी. त्यांना धनुष्याला तीस यार्डाची खात्री हवी असते, नाहीतर रायफलीला पाचशेची. आपल्याकडं शिकार १९७२ पासून बंद. मग त्यांच्या पाच ताऱ्यांचा आपल्याला उपयोग किती? खोक्यावरच्या '१००० यार्ड'वर विश्वास ठेवायचा का? आणि नेमकं काय बघून घ्यायचं?

भडंग (सांगली)

पहिला प्रतिसाद माझा! रेंजफाइंडर राहू दे, आधी पंधरा हजारांचा बजेट-फाइंडर कुठं मिळतो ते सांगा.

नॅनोसेकंद (सांगली)

खोक्यावरचा आकडा बहुधा खोटा नसतो, तो फक्त तुमच्या कामाचा नसतो.

यंत्र डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे, बहुतेक वेळा ९०५ नॅनोमीटरचे, ठोके सोडतं आणि ते परत यायला लागलेला वेळ मोजतं. एक मीटर जाऊन-येऊन साधारण ६.७ नॅनोसेकंद. वेळ मोजणं आता स्वस्त झालंय. अवघड आहे ते परत आलेला क्षीण ठोका उन्हाच्या गोंगाटातून ओळखणं. लक्ष्य झोतापेक्षा मोठं असेल तर अंतर दुप्पट झाल्यावर परत येणारा प्रकाश चौथाई होतो. लक्ष्य झोतापेक्षा लहान असेल तर सोळावा हिस्साच उरतो. म्हणून मोठी भिंत लांबून लागते आणि त्याच अंतरावरचं भेकर लागत नाही.

आता १००० यार्ड. म्हणजे ९१४ मीटर, आणि तेही महामार्गावरच्या चकाकत्या पाटीसारख्या लक्ष्यावर. माहितीपत्रक नीट उघडलं तर खाली बारीक अक्षरांत झाडाचा आणि हरणाचा आकडा वेगळा दिलेला असतो. हरणाचा साधारण निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली. ज्या कंपनीनं हे तीन आकडे वेगवेगळे दिलेत तिच्यावर मी आधी विश्वास ठेवीन. ज्यांनी एकच मोठा आकडा छापलाय त्यांच्याकडं हरणाचा आकडा विचारा. उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजा.

दुसरं, दुपारचं कडक ऊन म्हणजे यंत्राच्या दृष्टीनं गोंगाट. ढगाळ संध्याकाळी तेच यंत्र कितीतरी लांबचं वाचतं. ज्या रिव्ह्यूमध्ये चाचणीची वेळ आणि आभाळ लिहिलेलं नाही तो रिव्ह्यू अर्धाच.

गुंठामंत्री (कराड)

यानं जमीन मोजता येईल का? पंधरा हजारांत यंत्र आलं तर मोजणीचा अर्ज आणि फी दोन्ही वाचतील.

भडंग

आला! मी म्हणत होतो अजून कसा आला नाही. :)

मोजणीदार_अप्पा (तासगाव)

गुंठामंत्री, हिशेब मांडूनच बघा. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, १०१ चौरस मीटरच्या आसपास. चौकोनी एकराची बाजू साधारण ६३.६ मीटर. तुमच्या यंत्राची अचूकता अधिक-उणे एक मीटर. दोन्ही बाजू एकेक मीटर जास्त दाखवल्या तर ६४.६ गुणिले ६४.६, म्हणजे ४१७३ चौरस मीटर. खरं क्षेत्र ४०४७. फरक १२६ चौरस मीटर, सव्वा गुंठा. या भागात सव्वा गुंठ्यावरून तीन पिढ्या कोर्टात जातात.

आणि हे झालं काटकोनी तुकड्याचं. आपल्या शेताला काटकोन कुठं असतो? चार बाजू मोजल्या तरी एक कर्ण लागतोच, नाहीतर आकार ठरत नाही. हद्दीसाठी भूमी अभिलेखची मोजणीच पाहिजे. तिथं आता इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन आणि उपग्रहावर चालणारे रोव्हर वापरतात, त्यांची जात वेगळी. रेंजफाइंडर ठिबकच्या नळीचा अंदाज घ्यायला ठीक, बांध दाखवायला नाही.

गुंठामंत्री

अप्पा, मग ते बांधकामवाल्यांकडं लाल ठिपक्याचं असतं ते? ते तर मिलिमीटरमध्ये दाखवतं.

यवतेश्वरकर (सातारा)

ते वेगळं यंत्र. त्यात दिसणारा लाल लेझर असतो, ठोके मोजण्याऐवजी लहरीच्या कलेतला फरक मोजतात आणि अचूकता दीड-दोन मिलिमीटर. बॉशचं जीएलएम ५० किंवा लायकाचं डिस्टो त्या घराण्यातलं. पल्ला पन्नास मीटरच्या आसपास, पण तो खोलीत. बाहेर उन्हात दहा-पंधरा मीटरनंतर ठिपका डोळ्याला दिसत नाही, आणि दिसला नाही की आपण भिंत मोजतोय की तिच्यापुढचं पपईचं झाड हेच कळत नाही. बाहेर वापरायचं तर समोर माणूस उभा करून त्याच्या हातात पांढरी पाटी द्यावी लागते.

ऑनलाइन शोधताना हे दोन्ही प्रकार एकाच यादीत येतात. 'लेझर डिस्टन्स मीटर' मागवून घरी फर्निचरवाल्याचं यंत्र आलं अशी तक्रार रिव्ह्यूमध्ये भरपूर सापडेल. दुर्बिणीसारखा डोळा लावायचा असेल तर 'मोनोक्युलर' (एका डोळ्याची दुर्बीण) किंवा '६ एक्स' (सहापट मोठं दाखवणारं) हे शब्द बघा.

अवांतर: काही महागड्या आयफोनमध्ये लायडर, म्हणजे लेझरनं अंतर मोजणारा सेन्सर आहे, पण तो पाच मीटरपर्यंतच. त्यानं भेकर मोजायचं तर भेकराची परवानगी लागेल.

पायवाट (चिपळूण, मूळची सातारची)

डोंगरवाट्यादादा, तुमचं काम ट्रान्सेक्टचं, म्हणजे ठरलेल्या रेषेवर चालत मोजायचं आहे म्हणून यंत्राच्या आधी एक वेगळी गोष्ट सांगते. तुम्हाला प्राण्यापर्यंतचं तिरकं अंतर हवं नसतं. हवं असतं ते चालायच्या रेषेपासून प्राण्यापर्यंतचं लंब अंतर. ते येतं अंतर गुणिले कोनाच्या साईननं. म्हणून रेंजफाइंडर आणि होकायंत्र ही जोडी असते.

समजा प्राणी ८० मीटरवर, रेषेशी ३० अंशांचा कोन. लंब अंतर ४० मीटर. रेंजफाइंडर एक मीटरनं चुकला तर लंब अंतर अर्ध्या मीटरनं चुकतं. पण होकायंत्र पाच अंशांनी चुकलं, कोन ३५ वाचला, तर लंब अंतर जवळपास ४६ येतं. २५ वाचला तर ३४. म्हणजे सहा मीटरची चूक होकायंत्रातून आणि अर्ध्या मीटरची लेझरमधून! पंधरा हजार सगळे लेझरवर घालू नका. आरशाचं किंवा भिंगातून वाचायचं चांगलं होकायंत्र घ्या, उरलेल्यात रेंजफाइंडर.

आणि रानात दीडशे मीटरच्या पलीकडचं दिसतंच किती? कोयना-चांदोलीच्या दाट झाडीत ऐंशी मीटर म्हणजे पुष्कळ झालं. त्या १००० यार्डांना तुम्ही कधी हातही लावणार नाही. तुमच्यासाठी महत्त्वाचा आकडा खालचा: किमान किती अंतरावरून वाचतं? काही यंत्रं पाच मीटरपासून वाचतात, काही दहापासून. भेकर वाटेवर सात मीटरवर उभं असेल तर दहावालं यंत्र नुसत्या रेघा दाखवतं.

डोंगरवाट्या

पायवाटताई, हे होकायंत्राचं डोक्यातच नव्हतं. धन्यवाद. कळप असेल तर लेझर कुणावर धरायचा? आणि प्राणी पळाला तर?

पायवाट

कळपाच्या मध्यावर. मध्याला प्राणी नसेल तर तिथल्या झाडावर. पळाला तर जिथं पहिल्यांदा दिसला त्या जागेच्या झुडपावर किंवा दगडावर. पळत्याच्या मागं लेझर फिरवत बसू नका, तो आकडा कामाचा नाही. चुकूनही अंदाजानं 'पन्नास' लिहू नका. वहीत सगळे आकडे शून्य-पाचावर संपायला लागले की ओळखायचं, यंत्र पिशवीत होतं.

संपादक

धाग्यावर एक खुलासा, कारण विषय 'हंटिंग'चा आहे. १९७२ च्या मूळ वन्यजीव संरक्षण कायद्यात परवान्यावर शिकारीची वाट होती. १९९१ च्या दुरुस्तीनं ती बंद झाली. पिकाचं नुकसान करणाऱ्या प्राण्यांबाबत कलम ११ खाली सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी आदेशानंच काही होऊ शकतं. बंदूक, काडतूस, 'डुकरावर किती लांबून' अशा चर्चेला इथं जागा नाही. अभयारण्यात मोजणीला जायचं तरी वनखात्याची परवानगी आणि सोबत लागते. यंत्राविषयी मनसोक्त बोला.

नॅनोसेकंद

पायवाट यांच्याशी शंभर टक्के सहमत. थोडी भर घालतो.

आपल्या रानात पल्ल्यापेक्षा पानं त्रास देतात. हिरवं पान डोळ्याला गडद दिसतं, पण अवरक्त प्रकाश ते जोरात परत फेकतं. म्हणजे मागं सांबर आणि पुढं कारवीची फांदी असेल तर यंत्राला फांदीच जास्त उजळ. उसाच्या बांधावरून पलीकडची विहीर मोजायला जा. बटण दाबून धरलं की आकडे नाचतात: ३१, ३१, ३४, १८८, ३१. यातलं १८८ खरं, बाकी सगळी उसाची पाती.

यासाठी यंत्रात 'फर्स्ट टार्गेट' आणि 'लास्ट टार्गेट' अशा दोन सोयी असतात. गोल्फवाल्याला झेंडा हवा, मागची झाडं नकोत, म्हणून त्याच्या यंत्रात फर्स्ट. शिकाऱ्याला झुडपामागचं जनावर हवं, म्हणून लास्ट. तुम्हाला लास्ट पाहिजे. त्यामुळं शिकारीचा शिक्का असलेलं यंत्रच तुमच्या जवळचं, नाव आवडो न आवडो. गोल्फच्या स्वस्त यंत्रात फर्स्टच असतं आणि बदलता येत नाही. 'झेंडा सापडला की थरथरतं' याचं रिव्ह्यूमध्ये भारी कौतुक असतं. सह्याद्रीत ते प्रत्येक फांदीला थरथरेल.

भडंग

नॅनोशेठ, थरथरणारं यंत्र घेऊन सज्जनगडाच्या पायऱ्या चढलो तर पाय थरथरतायत का यंत्र, कळणार कसं लका?

यवतेश्वरकर

:) पायऱ्यांवरून आठवलं. उतारावर मोजायचं तर 'अँगल कॉम्पेन्सेशन' बघा, पण इथंही शिकार आणि गोल्फ उलट दिशेला जातात. शिकारीच्या यंत्रात चढ असो वा उतार, ते आडवं अंतर दाखवतं, म्हणजे तिरक्या अंतरापेक्षा कमी. ३० अंशांच्या चढावर तिरकं १०० असेल तर आडवं ८७. गोल्फच्या 'स्लोप'मध्ये चढावर उलट अंतर वाढवून दाखवतात, कारण चेंडू जास्त जोरात मारायचा असतो. म्हणजे तोच डोंगर, तेच लक्ष्य, एक यंत्र ८७ म्हणेल आणि दुसरं शंभराच्या वर जाईल. नकाशावर टाकायला किंवा ट्रान्सेक्टला आडवंच लागतं.

झाडाची उंची: आडवं अंतर गुणिले शेंड्याच्या कोनाचा टॅन, अधिक आडवं अंतर गुणिले बुंध्याच्या कोनाचा टॅन. २० मीटरवरून शेंडा ३० अंश वर, बुंधा ५ अंश खाली, तर ११.५ अधिक १.७, साधारण सव्वातेरा मीटर. निकॉनच्या फॉरेस्ट्री प्रोमध्ये हे आपोआप होतं, पण ते तुमच्या बजेटच्या बाहेर. साध्या यंत्रानं अंतर घ्या, मोबाईलच्या ॲपनं कोन घ्या. झाड स्वतःकडं झुकलेलं असेल तर उंची जास्त येते. अशा वेळी झुकाव आडवा दिसेल अशा बाजूला जाऊन उभे राहा.

हळदकांडी (सांगली)

यंत्राबद्दल जाणकार बोललेच आहेत. मी मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडं येते: रिव्ह्यू.

पहिली गोष्ट, ताऱ्यांची सरासरी बघूच नका. एकाच पानावर तीन मॉडेल आणि दोन रंग असतात आणि सगळ्यांचे रिव्ह्यू एकत्र पडतात. रिव्ह्यूच्या नावाखाली बारीक अक्षरांत मॉडेल लिहिलेलं असतं, ते वाचा. ६०० मीटरच्या मॉडेलची स्तुती वाचून लोक १२०० चं मागवतात.

दुसरी, 'व्हेरिफाइड पर्चेस' म्हणजे पैसे देऊन वस्तू घेतली एवढंच. रिव्ह्यूसाठी पैसे परत मिळाले का, ते त्यात कळत नाही. खोक्यात 'पाच तारे द्या, स्क्रीनशॉट पाठवा, कॅशबॅक घ्या' असं कार्ड निघालं असेल तर त्या विक्रेत्याच्या सगळ्याच ताऱ्यांना तेवढाच भाव द्या.

तिसरी, तारखा. एका आठवड्यात चाळीस रिव्ह्यू, सगळ्यांत 'गुड प्रॉडक्ट', फोटो फक्त खोक्याचा. सोडून द्या. तीन ताऱ्यांचे वाचा, ती माणसं बहुधा वापरून लिहितात. आणि सहा महिन्यांनी परत येऊन भर घातलेला एक रिव्ह्यू पहिल्या दिवशीच्या पन्नासांना भारी.

चौथी, व्हिडिओवाले. 'लिंक डिस्क्रिप्शनमध्ये' म्हटलं की दर विक्रीमागं कमिशन. ते सांगणं बंधनकारक आहे: जाहिरात मानक परिषदेचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम २०२१ चे. कमिशन घेणारा खोटंच बोलतो असं नाही, पण चाचणीत तो काय मोजत नाही ते बघा.

नियमाचं बोलायचं तर भारतीय मानक ब्युरोनं ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक २०२२ मध्ये काढलं, पण ते ऐच्छिक स्वरूपात आलं. दात कमी. तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. ऑनलाइन विक्रेत्यानं उत्पादनाचा देश आणि आयातदाराचं नाव-पत्ता दाखवणं सक्तीचं आहे. आयातदाराचा पत्ता नसलेलं यंत्र घेतलं तर वॉरंटी कुणाच्या दारात नेणार?

गुंठामंत्री

हळदकांडीताई, मी एक स्टारवाले रिव्ह्यू वाचले. एक जण म्हणतो शंभर मीटरला १०९ दाखवतं, भंगार आहे.

नॅनोसेकंद

यंत्र यार्डात होतं. १०० मीटर म्हणजे १०९ यार्ड. बटण दोन-तीन सेकंद दाबून धरलं की एकक बदलतं.

भडंग

नाद खुळा! यंत्र बरोबर, स्टार चुकले.

मोजणीदार_अप्पा

ही चूक उलटीही होते, म्हणून घरी आल्यावर पहिलं काम एकक. अमेरिकी रिव्ह्यूतले सगळे आकडे यार्डात असतात, मीटर करायला साडेआठ टक्के वजा करा. ४०० यार्ड म्हणजे ३६६ मीटर.

डोंगरवाट्या

म्हणजे हळदकांडीताईंचं ऐकून मी असं धरतो की रिव्ह्यूवर कमी आणि परत करायच्या मुदतीवर जास्त विसंबायचं. मग त्या सात-दहा दिवसांत काय तपासायचं ते एकदा नीट सांगा. गटात सगळ्यांना वाचून दाखवतो.

मोजणीदार_अप्पा

अचूकतेचं मी सांगतो. ३० मीटरची स्टीलची टेप घ्या, कापडी नको, ती ताणली की वाढते. सपाट जागेवर तीन वेळा टाकून ९० मीटर आखा, दर ३० ला खुंटी. शेवटच्या खुंटीवर पुठ्ठ्याचं खोकं ठेवा, चकाकतं काही नको. दर अंतरावर दहा-दहा वाचनं घ्या आणि लिहून काढा. दहाच्या दहा ९१ आली तर यंत्र एकनं पुढं आहे, वहीत लिहून वजा करत राहा, काही बिघडत नाही. पण ८८, ९१, ९०, ९३ अशी विस्कटली तर परत पाठवा. ठराविक चूक वजा करता येते, विस्कटलेली नाही.

टेप नसेल तर शंभर मीटरची धाव आखलेलं मैदान चालेल. महामार्गाच्या कडेला दर २०० मीटरला दगड असतात, पण तिथं उभं राहून चाचणी करू नका. गाड्या तुमचा अंदाज घेत नाहीत.

नॅनोसेकंद

अप्पांनंतर निशाणाची चाचणी. ही कुठल्याच रिव्ह्यूमध्ये दिसत नाही आणि स्वस्त यंत्रं इथंच पडतात.

भिंगातून दिसणारं फुलीचं निशाण आणि प्रत्यक्ष झोत एकाच जागी पडतात का? विजेचा एकटा खांब शोधा, शंभर-दीडशे मीटरवर, मागं फक्त आभाळ पाहिजे. यंत्र भिंतीला किंवा गाडीच्या टपाला टेकवा. स्कॅनवर टाका, म्हणजे बटण दाबून ठेवल्यावर ते सलग मोजत राहतं. निशाण खांबाच्या डावीकडं आभाळात ठेवा, रेघा दिसतील. हळूहळू उजवीकडं सरका. आकडा उमटला तिथं थांबा, निशाण खांबापासून किती लांब आहे ते डोळ्यात ठेवा. पुढं सरकत राहा, आकडा गेला की परत बघा. दोन्ही बाजूंची लांबी सारखी हवी. डावीकडं खांबाच्या दोन रुंदी आधीच आकडा आला आणि उजवीकडं खांबावर असतानाच गेला, तर झोत उजवीकडं पडतोय. मग रानात तुम्ही निशाण धरणार सांबरावर आणि मोजणार शेजारचा अंजनीचा बुंधा. वरखालीसाठी हेच पाण्याच्या टाकीच्या वरच्या कडेवर करा.

झोत किती फाकतो तेही इथंच कळतं. एक मिलिरेडियन म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर. दोन मिलिरेडियनचा झोत ४०० मीटरवर ८० सेंटिमीटर होतो. भेकराच्या अंगापेक्षा मोठा.

यवतेश्वरकर

उजेडाची चाचणी मी जोडतो. आकडे दाखवायचे दोन प्रकार: काळे एलसीडी आणि लाल चमकणारे. काळे दुपारी छान, पण संध्याकाळी गडद झाडीवर दिसतच नाहीत. लाल आकडे संध्याकाळी छान, पण स्वस्त यंत्रात दुपारी उन्हाच्या पार्श्वभूमीवर पुसट. मोजणी सकाळी लवकर असते, म्हणून सूर्योदयाच्या आधी दहा मिनिटं गडद झाडीकडं धरून आकडा वाचता येतो का बघा. व्हिडिओत कॅमेरा आकडे उजळ करून दाखवतो, त्यावर जाऊ नका. भिंगाला डोळ्याप्रमाणं जुळवायची कडी असते, ती फिरवून आकडे आधी स्पष्ट करा. ते न करता 'डिस्प्ले ब्लर आहे' म्हणणारेही एक स्टार देतात.

धुक्यात आणि पावसात काहीच चालत नाही, हा दोष नव्हे. पाण्याचे थेंब ठोका परत पाठवतात आणि यंत्र समोरच्या धुक्याचंच अंतर सांगतं. जुलैत यवतेश्वरच्या घाटात १२ मीटर, १५ मीटर असे आकडे येतील. काचेतून, गाडीत बसून मोजू नका. नदीचं पाणीही लागत नाही, झोत आरशासारखा पलीकडं निघून जातो. आयर्विन पुलावरून कृष्णेची पातळी मोजायची कल्पना कुणाच्या डोक्यात असेल तर सोडा.

भडंग

होती डोक्यात. सोडली.

पायवाट

पावसाचं निघालं म्हणून: आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे चालतात, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आपल्याकडं पडण्यापेक्षा बुरशीचा धोका मोठा. जून ते ऑक्टोबर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, कातडी पाकिटात अजिबात नाही. निळे खडे गुलाबी झाले की जुन्या कढईत मंद आचेवर परत निळे होईपर्यंत तापवा. ती कढई नंतर स्वयंपाकाला नको. बॅटरी काढून ठेवा.

हळदकांडी

परत करायचं असेल तर खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ, सिरियल नंबर दिसेल असा. आणि तक्रार लिहिताना 'खराब आहे' असं लिहू नका. 'टेपनं मोजलेल्या ९० मीटरवर दहा वाचनं: ८८, ९१, ९०, ९३...' असं लिहा. हेच शब्द रिव्ह्यूमध्येही टाका, पुढच्याला उपयोग होईल.

गुंठामंत्री

मी पण घेऊ का एक? ठिबकसाठी तरी?

मोजणीदार_अप्पा

ठिबकला घ्या. बांधावर काढू नका.

डोंगरवाट्या

सगळ्यांचे मनापासून आभार. गटाशी बोललो. ठरलं ते असं: ६ एक्स, शिकारीच्या यादीतलं पण लास्ट टार्गेटवालं, पाच मीटरपासून वाचणारं, आडवं अंतर दाखवणारं, मीटरमध्ये चालणारं. खाली पाव इंची ट्रायपॉडचं भोक असलेलं बघतोय, म्हणजे काठीवर बसवता येईल. पल्ला ६०० चा पुरे. उरलेले पैसे होकायंत्राला. हरणाचा वेगळा आकडा दोनच विक्रेत्यांनी कळवला, त्यातलंच एक घेऊ. खांब हेरून ठेवलाय, टेप अप्पांच्या सांगण्याप्रमाणं स्टीलची.

शेवटची शंका. यात सीआर-२ नावाची बॅटरी लागते म्हणे. साताऱ्यात मिळेल का, का चार्जिंगवालं घेऊ?

यवतेश्वरकर

रानात तीन-चार दिवस राहणार असाल तर बदलायची बॅटरीच बरी, जास्तीची एक खिशात. जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांकडं विचारा, रोलच्या कॅमेऱ्यांत हीच असायची. चार्ज होणारी सीआर-२ घ्यायची असेल तर आधी व्होल्ट बघा. मूळची ३ व्होल्टची. ३.७ वाली सगळ्याच यंत्रांना सोसत नाही.

भडंग

आणि दुकानात नुसतं 'सीआर टू' म्हणू नका. तो रिमोटमधलं चपटं २०३२ काढून देतो. जुनी सोबत न्या आणि काउंटरवर ठेवा.

डोंगरवाट्या

नेतो. जुनी म्हणजे यंत्र आल्यावर की!

भडंग

व्हय की. मग आधी यंत्र मागवा, भावा.